लहरी फलने, शहाण्या सरासऱ्या

९६ या संख्येला १२ विभाजक आहेत. शेजारच्या ९७ ला दोनच: १ आणि ती स्वतः. ९८ ला सहा, ९९ लाही सहा, १०० ला नऊ आणि १०१ ला पुन्हा दोन. पुढे कितीही गेलात तरी हा गोंधळ निवत नाही. ७,२०,७२० ला तब्बल २४० विभाजक आहेत, आणि त्याहून कितीतरी मोठ्या मूळ संख्येला मात्र दोनच. एखाद्या संख्येला किती विभाजक आहेत हे सांगणाऱ्या फलनाचा आलेख काढायला बसलात, तर त्यातून कुठलीही रेषा उमटणार नाही. नुसते ठिपके उधळलेले दिसतील.

आता प्रश्न थोडा बदलू. १ पासून १०० पर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या विभाजकांची बेरीज करा. ती ४८२ येते, म्हणजे सरासरी ४.८२. हजारापर्यंत बेरीज ७,०६९, सरासरी सात आणि थोडे. दहा लाखांपर्यंत बेरीज १,३९,७०,०३४, म्हणजे सरासरी १३.९७. ही सरासरी संथ, गुळगुळीत चालीने वाढते, आणि ती किती आहे हे एका ओळीच्या सूत्रात सांगता येते. वैश्लेषिक संख्या सिद्धांताचा मोठा भाग याच कामात गुंतलेला आहे: एकेका संख्येपाशी लहरीपणे वागणारे फलन घ्यायचे, त्याची सरासरी काढायची, आणि त्या सरासरीत किती चूक राहते ते मोजायचे. पहिले दोन टप्पे अनेकदा सोपे निघतात. खरी लढाई तिसऱ्यावर आहे.

मोजण्याचा क्रम उलटा करा

दहा लाख संख्यांचे विभाजक एकेक करून मोजणे हा एक मार्ग झाला, पण त्यातून समज वाढत नाही. युक्ती अशी: प्रत्येक संख्येला "तुझे विभाजक किती?" असे विचारण्याऐवजी प्रत्येक विभाजकाला विचारायचे, "तू किती संख्यांना भागतोस?" १०० पर्यंतच्या संख्यांपैकी १ सगळ्यांना भागतो, २ पन्नास संख्यांना, ३ तेहतीस संख्यांना, ७ चौदा संख्यांना. एकूण बेरीज तीच राहणार, कारण जोड्या त्याच आहेत. आपण फक्त ओळींऐवजी स्तंभ बेरजेला घेतले.

आणि इथेच लहरीपणा गळून पडतो. न ला किती विभाजक आहेत हे न च्या मूळ अवयवांवर अवलंबून असते, पण क्ष पर्यंतच्या किती संख्यांना द भागतो याचे उत्तर जवळजवळ क्ष/द. "जवळजवळ" एवढ्यासाठी की भागाकारातला अपूर्णांक टाकून द्यावा लागतो. १०० ला ७ ने भागले की १४.२८ येते, आणि आपण १४ घेतो. तेव्हा एकूण बेरीज साधारण क्ष गुणिले (१ + १/२ + १/३ + … + १/क्ष) एवढी होते. कंसातली हरात्मक श्रेणी जुन्या ओळखीची आहे. ती क्ष च्या नैसर्गिक लॉगइतकी असते, अधिक ०.५७७२ च्या आसपासचा ऑयलरचा स्थिरांक. म्हणजे क्ष पर्यंतच्या संख्यांना सरासरीने लॉग क्ष इतके विभाजक असतात. दहा लाखांचा नैसर्गिक लॉग १३.८१ आहे, आणि वर पाहिलेली सरासरी १३.९७.

जवळ आलो, पण नेमके नाही. अडचण त्या टाकलेल्या अपूर्णांकांची आहे. दर भागाकारात आपण शून्य ते एक यांमधले काहीतरी गमावतो, आणि भागाकार क्ष आहेत. म्हणून एकूण चूक क्ष इतकी असू शकते आणि सरासरीत एकपर्यंत फरक पडू शकतो. लॉग क्ष हा मुख्य भाग हाती लागला, पण त्याला चिकटलेला स्थिरांक निसटला.

डिरिक्लेची युक्ती

१८४९ मध्ये जर्मन गणितज्ञ डिरिक्लेने यावर जो उपाय काढला, तो आजही या विषयातली मला सर्वांत देखणी वाटणारी खेळी आहे. विभाजक जोडीने येतात. १०० पर्यंतच्या संख्यांचे विभाजक मोजणे म्हणजे अ × ब हा गुणाकार १०० किंवा त्याहून कमी असलेल्या (अ, ब) जोड्या मोजणे. आलेखावर पाहिले तर अपास्त नावाच्या वक्राखालचे पूर्णांक बिंदू मोजणे. आता अ आणि ब दोन्ही १० पेक्षा मोठे असूच शकत नाहीत, कारण मग गुणाकार १०० च्या वर जाईल. तेव्हा अ १० पर्यंत असलेल्या जोड्या मोजा, ब १० पर्यंत असलेल्या मोजा, आणि दोन्ही १० पर्यंत असलेल्या जोड्या दोनदा मोजल्या गेल्या म्हणून एकदा वजा करा.

हे कागदावर करून पाहण्यासारखे आहे. १०० ला १ ते १० ने भागून पूर्णांक घ्या: १००, ५०, ३३, २५, २०, १६, १४, १२, ११, १०. बेरीज २९१. दुप्पट ५८२. दोनदा मोजलेल्या १०० जोड्या वजा करा. ४८२. शंभर संख्यांचे विभाजक दहा भागाकारांत मोजून झाले.

पण यातला फायदा कष्ट वाचण्यापुरता नाही. आता अपूर्णांक टाकण्याची पाळी शंभरदा येत नाही, दहादाच येते. सर्वसाधारण क्ष साठी ती क्ष च्या वर्गमूळाइतक्याच वेळा येते. त्यामुळे एकूण चूकही वर्गमूळाच्याच घरात राहते, आणि निसटलेला स्थिरांक पकडता येतो. ऑयलरच्या स्थिरांकाची दुप्पट उणे एक, म्हणजे ०.१५४४. दहा लाखांसाठी १३.८१५५ मध्ये ०.१५४४ मिळवा, १३.९६९९ आले. त्याला दहा लाखांनी गुणले की १,३९,६९,९४२. खरी बेरीज १,३९,७०,०३४. फरक फक्त ९२ चा, एक कोटी एकोणचाळीस लाखांत!

हा ९२ नजरेआड करू नका. वर्गमूळाचा हिशेब हजाराच्या घरातल्या चुकीला मुभा देत होता. प्रत्यक्ष चूक त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी निघाली. ही नशिबाची गोष्ट की यामागे काही आहे?

यामागे आहे. टाकलेले अपूर्णांक सगळे एका बाजूला झुकलेले नसतात. काही अर्ध्याहून मोठे, काही लहान. त्यांची सरासरी साधारण १/२. ती प्रत्येकातून वजा केली की उरलेल्या चुका काही अधिक, काही उणे होतात आणि एकमेकींना बऱ्यापैकी खोडतात. नाणे हजार वेळा उडवले तर छापा आणि काटा यांतला फरक हजाराच्या नव्हे, हजाराच्या वर्गमूळाच्या घरात असतो. तसेच इथे घडत असेल, तर क्ष च्या वर्गमूळाइतक्या चुकांची बेरीज त्याच्याही वर्गमूळाएवढी, म्हणजे क्ष च्या १/४ घाताएवढी यायला हवी. तज्ज्ञांचा अंदाज नेमका हाच आहे: १/४ पेक्षा किंचितही मोठा घातांक घेतला, तर चूक त्या घाताच्या आत राहील. मात्र भागाकारातले अपूर्णांक नाण्यासारखे यादृच्छिक नसतात. ते पूर्णपणे ठरलेले असतात. ते यादृच्छिकासारखे वागतात हे सिद्ध करणे हेच सगळे दुखणे.

१९०३ मध्ये वोरोनोईने घातांक १/२ वरून १/३ वर आणला. १९१६ मध्ये हार्डीने दाखवले की १/४ च्या खाली जाताच येणार नाही. तेव्हापासून खरे उत्तर १/४ आणि १/३ यांच्या मध्ये अडकलेले आहे, आणि शतकभराची प्रगती गोगलगायीलाही लाजवेल. १९२२ मध्ये व्हान डेर कॉर्पुट ०.३३ वर आला. २००३ मध्ये हक्सलीने १३१/४१६ म्हणजे सुमारे ०.३१४९ हा घातांक सिद्ध केला. त्यानंतरची सुधारणा दशांशाच्या तिसऱ्या स्थानातली आहे. दशांशाचा एवढासा तुकडा तोडायला लागणारे शोधनिबंध मात्र जाडजूड असतात.

गंमत अशी की चुकीचीही सरासरी काढता येते, आणि ती आपल्याला माहीत आहे. क्रामेरने १९२२ मध्येच सिद्ध केले की या चुकीच्या वर्गाची सरासरी घेतली, तर चूक सर्वसाधारणपणे क्ष च्या १/४ घाताइतकीच असते. म्हणजे अंदाज "बहुतेक वेळा" खरा आहे हे शंभर वर्षांपूर्वीच कळले. "कधीच मोडत नाही" हे अजून कळायचे आहे.

याचेच जुळे भावंड म्हणजे गाउसचा वर्तुळाचा प्रश्न. एखादी संख्या दोन वर्गांची बेरीज म्हणून किती प्रकारे लिहिता येते, याची सरासरी पाय (π, म्हणजे ३.१४१६…) येते, कारण ते मोजणे म्हणजे वर्तुळातले पूर्णांक बिंदू मोजणे. त्रिज्या १० असेल तर असे ३१७ बिंदू मिळतात, आणि क्षेत्रफळ ३१४.१६. चुकीचा प्रश्न तिथेही तोच, आणि हक्सलीचा घातांकही तोच.

सरासरी खरी, पण कोणाची?

क्रम उलटण्याची युक्ती विभाजकांपुरती नाही. १ ते १०० मधून कुठल्याही दोन संख्या घ्या. त्या सहमूळ असण्याची, म्हणजे १ खेरीज त्यांना सामाईक विभाजक नसण्याची शक्यता किती? १०,००० जोड्यांपैकी ६,०८७ जोड्या सहमूळ निघतात. मर्यादा वाढवत नेली की हे प्रमाण ०.६०७९ कडे जाते, आणि ही संख्या म्हणजे ६ ला पायच्या वर्गाने भागून आलेले उत्तर. मूळ संख्यांच्या प्रश्नात पाय कुठून आला? २ दोन्ही संख्यांना भागण्याची शक्यता १/४, ३ ची १/९, ५ ची १/२५. या सगळ्या टाळायच्या, तर ३/४ गुणिले ८/९ गुणिले २४/२५ असा अनंत गुणाकार करावा लागतो. तो गुणाकार म्हणजे १ + १/४ + १/९ + १/१६ + … या श्रेणीचा व्यस्त, आणि त्या श्रेणीची बेरीज पायच्या वर्गाचा सहावा भाग असल्याचे ऑयलरने अठराव्या शतकात दाखवून ठेवले होते. (अनंत शक्यतांचा असा बिनधास्त गुणाकार करण्याला सिद्धता म्हणत नाहीत. पण सरळ सिद्धतेतही शेवटी हाच गुणाकार उभा राहतो.)

इथे एक सावधगिरी, जी परिचयपर लेखनात बहुधा गाळली जाते. सरासरी लॉग क्ष आहे म्हणून बहुतेक संख्यांना तितके विभाजक असतात, असे मुळीच नाही.

हार्डी आणि रामानुजन यांनी १९१७ मध्ये दाखवले की न या आकाराच्या संख्येला सर्वसाधारणपणे लॉग लॉग न इतके वेगवेगळे मूळ अवयव असतात. लॉगचा लॉग म्हणजे कमालीचा मंद. १ वर शंभर शून्ये दिली तर त्या संख्येचा लॉग २३०, आणि त्याचा लॉग जेमतेम साडेपाच. साडेपाच मूळ अवयवांतून विभाजक किती तयार होतात? प्रत्येक अवयव घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणून दोनाचा साडेपाचवा घात, चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास. वर-खाली भरपूर होते, पण एवढ्या मोठ्या संख्यांची सर्वसाधारण चाल ही अशी. आणि सरासरी? २३० च्या वर!

मग सरासरी कोण फुगवते? ज्यांना नेहमीच्या साधारण दुप्पट मूळ अवयव आहेत अशा मोजक्या संख्या. अशा संख्या विरळ असतात, पण अवयव दुप्पट झाले की विभाजकांचा वर्ग होतो, म्हणून बेरजेत त्यांचेच राज्य चालते. मूळ अवयवांच्या संख्येबाबत मात्र सरासरी आणि सर्वसाधारण यांत असे अंतर नाही. १९३४ मध्ये तुरानने हार्डी-रामानुजन यांचा निष्कर्ष केवळ विचलनाचा वर्ग मोजून, दोन पानांत बसेल अशा रीतीने पुन्हा सिद्ध केला. १९४० मध्ये एर्डोश आणि काट्स यांनी तर मूळ अवयवांच्या संख्येचा आलेख संभाव्यताशास्त्रातल्या घंटेच्या आकाराच्या वक्रासारखा होतो, हेही दाखवले. सरासरीचे प्रश्न इथून संभाव्यतेच्या प्रांतात शिरतात आणि आजवर तिथून बाहेर पडलेले नाहीत.

मुख्य भागच नसला तर

आतापर्यंतच्या फलनांत मुख्य भाग मोठा होता आणि चूक लहान. आता असे फलन पाहू ज्यात मुख्य भाग शून्य आहे आणि उरते ती फक्त चूक.

म्योबियस फलन असे ठरते: संख्येला कुठल्याही मूळ संख्येचा वर्ग भागत असेल तर ०, नाहीतर मूळ अवयवांची संख्या सम असेल तर +१ आणि विषम असेल तर −१. म्हणजे ६ साठी +१, ७ साठी −१, १२ साठी ० (कारण ४ तिला भागतो), ३० साठी −१. +१ आणि −१ साधारण सारखेच येतील असे वाटते. १०० पर्यंतची बेरीज १ येते, १००० पर्यंतची २, दहा लाखांपर्यंतची २१२. सरासरी शून्याकडे जाते हे डोळ्यांना दिसते.

पण सिद्ध करायला गेलात की कळते, हे विधान मूळ संख्यांच्या प्रमेयाइतकेच (क्ष पर्यंत मूळ संख्या साधारण क्ष भागिले लॉग क्ष इतक्या असतात, हे सांगणारे) खोल आहे. ते प्रमेय १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले-पूसँ यांनी स्वतंत्रपणे सिद्ध केले, आणि म्योबियसची सरासरी शून्य असणे हे त्याचेच दुसरे रूप. आपली उलट मोजणीची युक्ती इथे लावली तर एक गोजिरवाणे समीकरण मिळते: क्ष ला १, २, ३… ने भागून आलेले पूर्णांक अनुक्रमे म्योबियसच्या किमतींनी गुणा आणि बेरीज घ्या, क्ष काहीही असो, उत्तर नेहमी १. देखणे आहे, पण त्यातून सरळपणे हवी ती सरासरी पिळून निघत नाही.

विभाजक इतके सरळ आणि म्योबियस इतके अवघड का? उत्तर रीमानच्या झीटा फलनात आहे. एखाद्या फलनाच्या किमती १, २, ३ यांच्या घातांनी भागून अनंत श्रेणी बांधली, की त्या श्रेणीच्या वागणुकीवरून सरासरी वाचता येते. सगळ्या किमती १ धरल्या तर मिळते ती झीटा. श्रेणी जिथे अनंताकडे उसळते ती जागा मुख्य भाग ठरवते. विभाजकांची श्रेणी म्हणजे झीटाचा वर्ग. झीटा १ पाशी एकदा उसळते, तिचा वर्ग दोनदा, आणि त्या दुसऱ्या उसळीतूनच लॉग क्ष येतो. म्योबियसची श्रेणी मात्र झीटाचा व्यस्त आहे. झीटा १ पाशी अनंत, म्हणून व्यस्त तिथे शून्य, म्हणून मुख्य भाग नाहीच. पण झीटा जिथे जिथे शून्य होते, तिथे तिथे व्यस्त उसळतो. झीटाचे जे शून्यबिंदू विभाजकांच्या प्रश्नात अंशात निमूट बसले होते, ते इथे छेदात येऊन बसले. ते नेमके कुठे आहेत हे सांगणारे रीमानचे गृहीतक अजून सिद्ध झालेले नाही.

१९१२ मध्ये लिटलवुडने दाखवले की म्योबियसची बेरीज क्ष च्या वर्गमूळाहून किंचित मोठ्या घाताच्या आत राहणे आणि रीमानचे गृहीतक खरे असणे, या दोन्ही एकच गोष्टी आहेत. त्याआधी १८९७ मध्ये मेर्टेन्सने दहा हजारांपर्यंतचे आकडे पाहून त्याहून धीट अंदाज बांधला होता: ही बेरीज कधीच वर्गमूळाच्या पुढे जाणार नाही. दहा लाखांसाठी २१२ विरुद्ध १०००, म्हणजे अंदाज आरामात तगतो. पुढे संगणकाने कितीही तपासले तरी तो तगतच राहिला. आणि १९८५ मध्ये ओड्लिझ्को आणि ते रीले यांनी तो खोटा असल्याचे सिद्ध केले. अंदाज मोडणारी एकही संख्या त्यांनी दाखवली नाही. ती कुठेतरी आहे एवढेच दाखवले, आणि आजही अशी एकही ठोस संख्या कोणाच्या हाती नाही. आकडेवारीच्या जोरावर छातीठोकपणे बोलणाऱ्यांना ऐकवायला या विषयात याहून चांगला दाखला नाही.

आजचे काम लांबलचक बेरजांकडून लहान तुकड्यांकडे वळले आहे. १ पासून क्ष पर्यंत +१ आणि −१ एकमेकांना खोडतात हे ठीक, पण क्ष च्या आसपासच्या एका छोट्या पट्ट्यातही खोडतात का? मोठ्या बेरजेची तंत्रे लावायची तर पट्टा फार लहान घेऊन चालत नाही. कितीही वाईट पट्टा वाट्याला आला तरी निष्कर्ष टिकायला हवा असेल, तर तो क्ष च्या वर्गमूळाहून बराच लांब लागतो. "बहुतेक सगळे पट्टे" एवढ्यावर भागवले तरी पूर्वी क्ष च्या १/६ घाताइतकी लांबी लागत असे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात कैसा मातोमाकी आणि मॅक्सिम राझिविल यांनी ही अट जवळजवळ पुसून टाकली. पट्ट्याची लांबी कितीही मंदपणे का होईना, अनंताकडे वाढत असली की पुरे, बहुतेक सगळ्या पट्ट्यांत सरासरी शून्याजवळ राहते. हे त्यांनी रीमानच्या गृहीतकाला हात न लावता केले, आणि तेही केवळ म्योबियससाठी नाही, तर गुणाकाराशी सुसंगत वागणाऱ्या व −१ ते १ या मर्यादेत राहणाऱ्या सगळ्या फलनांसाठी: बहुतेक पट्ट्यांतली सरासरी लांबलचक बेरजेच्या सरासरीजवळ राहते, मग ती शून्य असो वा नसो. त्यांच्या सिद्धतेचा मुद्दा असा की बहुतेक संख्यांना सोयीच्या आकाराचा एखादा लहान मूळ अवयव असतोच, आणि तो वेगळा काढला की उरलेल्या बेरजेला पकड मिळते. "बहुतेक" च्या जागी "प्रत्येक" म्हणायचे झाले तर मात्र रीमानचे गृहीतक खरे मानूनही पट्टा क्ष च्या वर्गमूळाहून थोडा लांबच घ्यावा लागतो.